गार इंजिन आणि मधला काटा

ज्या माणसाने तुमच्या बापाला चारचौघांत खोटारडा ठरवलं, त्याचंच मशीन एक दिवस दुरुस्तीसाठी तुमच्या हातात आलं, तर तुम्ही काय कराल? माफ कराल, असं उत्तर असेल तर तुम्ही माझ्यापेक्षा मोठे आहात. मी माफ करायला गेले नव्हते.

माझे अब्बा पोकलेनवर ऑपरेटर होते. मैंदर्गीच्या अलीकडे एका दगडखाणीत ते खोदकाम करायचे. मी दहावीची परीक्षा दिली त्या मे महिन्यात त्यांच्या मशीनचं इंजिन जळालं. आतलं पाणी उकळून गेलं आणि पिस्टन जागेवर जाम झाले. मालक आला. टिपरवाले, खडी भरणाऱ्या बाया, सगळे जमलेले होते.

"गाणी ऐकत बसला आसशील," मालक म्हणाला. "टेंपरेचरचा काटा बघाया डोळं नकोत?"

"काटा मधीच होता, मालक. शेवटपतूर."

"इंजिन जळतंय आन काटा मधी? काटा काय तुझा मेव्हणा लागतोय व्हय, तुला वाचवाया?"

सगळे हसले. अब्बांचं काम त्या हसण्याने गेलं. ते ज्या खाणीवर जायचे तिथे त्यांच्या आधी ती मेव्हण्याची गोष्ट पोचलेली असायची. 'इंजिन जाळ्या' असं नावच पडलं. आता ते सोलापुरात रिक्षा चालवतात. पोकलेन रस्त्याने ट्रेलरवरून चालला की आरशात बघत राहतात, मागचा हॉर्न वाजवून वैतागेपर्यंत.

आमच्या घरी वर्तमानपत्र येत नसे, पत्रकं येत. अम्मी विड्या वळते. मोर्चातून उरलेली पत्रकं ती घरी आणायची आणि मी त्यांवरच वाचायला शिकले. पत्रकात रडगाणं नसतं. अन्याय कुणी केला, कसा केला आणि आता तुम्ही काय करायचं, हे सांगितल्याशिवाय तो कागद संपत नाही. मीही तेवढंच सांगणार आहे. फक्त मालकाचं नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की बाकीचे मालक सुटतात.

आयटीआय करून मी मोठ्या मशीनच्या वर्कशॉपमध्ये लागले. इंजिनाला लॅपटॉप जोडायचा, कुठला सेन्सर काय सांगतोय ते वाचायचं आणि बिघाड शोधायचा, हे माझं काम. तिथे पहिल्याच उन्हाळ्यात मला कळलं की अब्बा खरं बोलत होते. इंजिन फार तापलं की सेन्सर कॉम्प्युटरला कळवतो आणि कॉम्प्युटर मशीनची ताकद आपोआप कमी करतो. मशीन वाचतं, पण काम थांबतं. काम थांबू नये म्हणून काही मालक सेन्सरचा प्लग काढून ठेवतात आणि वायरमध्ये गव्हाच्या दाण्याएवढा रेझिस्टर बसवतात. मग कॉम्प्युटरला पाण्याचं तापमान कायम एकच दिसतं. काटा मध्ये उभा राहतो आणि इंजिन जळेपर्यंत हलत नाही.

पण अब्बांचं ते इंजिन कधीच भंगारात गेलं होतं. माझ्या हातात पुरावा काहीच नव्हता. मी वाट पाहिली.

या उन्हाळ्यात त्याच खाणीवरून तक्रार आली, की पोकलेन ताकद घेत नाही. ती नोंद आली तेव्हा दुसरा मेकॅनिक निघाला होता. मी त्याच्या हातून गाडीची किल्ली घेतली.

सकाळी पोचले. मालक प्लास्टिकच्या खुर्चीत चहा घेत होता. मला ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. "फकस्त ताकदीचं बघा, ताई," तो म्हणाला. "बाकी कशाला हात लावू नका. बाकी मशीन एक नंबर हाय."

लॅपटॉप जोडला, चावी फक्त ऑन केली, इंजिन चालू केलं नाही. मशीन रात्रभर उभं होतं. स्क्रीनवर बाहेरची हवा अठ्ठावीस अंश, डिझेल एकोणतीस आणि इंजिनातलं पाणी ब्याऐंशी. मी इंजिनावर तळहात ठेवला. गार होतं.

ऑपरेटर करमाळ्याकडचा होता. त्याला विचारलं, "काटा कधी हलतो का?"

"न्हाय बा. लई शहाणा काटा हाय. जागा सोडत न्हाय."

त्यालाही मी इंजिनाला हात लावायला सांगितला. त्याने लावला, स्क्रीनकडे पाहिलं आणि हसायचा थांबला.

ताकदीचा बिघाड छोटा होता. डिझेलच्या प्रेशरच्या सेन्सरची वायर घासून उघडी पडली होती. ती जोडली. मग मी टिपरवाल्यांना हाक मारली, या इकडे, एक गंमत दाखवते. पाण्याच्या सेन्सरच्या वायरवरची काळ्या टेपची गुंडाळी सगळ्यांसमोर सोडली आणि आतला रेझिस्टर ऑपरेटरच्या हातावर ठेवला. तो काय करतो ते सांगितलं.

मालक उठून आला. "तुमाला कुणी सांगितलं हे उस्कटाया? सगळेच लावत्यात. उन्हाळ्यात काम कसं व्हायाचं मग?"

"आधीच्या मशीनलाही लावला होता का? इंजिन जळालं होतं ते?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "तू कुणाची गं?"

मी सांगितलं. तो एकदम मऊ झाला. "बरं हाय का बाबा? च्या घे की पोरी."

"चहा नको. काटा मधीच होता, असं ते म्हणाले होते. खोटं बोलले होते का, एवढंच सांगा. हे सगळे ऐकतायत."

"झालं गेलं," तो म्हणाला. "मशीन चालू करा."

बरं, म्हटलं. गाडीत नवा सेन्सर होता तो बसवला. मला त्याचं वाटोळं करायचं होतं, आणि त्यासाठी मशीन नीट दुरुस्त करणं पुरेसं होतं. पाणी थंड करणारा रेडिएटर धुळीने बुजलेला मला दिसला होता. ऑपरेटरने मशीन चालू केलं. काटा तळापासून वर सरकू लागला, तसे सगळे केबिनभोवती येऊन उभे राहिले. ऊन वाढलं, दगडावर बकेट पडू लागली. काटा मध्यावर आला, मध्य ओलांडला, लाल पट्ट्यात गेला. अलार्म वाजला आणि इंजिनाचा आवाज खाली बसला. बकेट अर्ध्यात लोंबकळत राहिली.

"काढ ते," मालक ओरडला. "परत दाणा लाव."

"मी लावत नाही," मी म्हणाले.

ऑपरेटर खाली उतरला. "मालक, आदी रेडिएटर साफ करा. माज्या नावावर इंजिन नको."

टिपरांची रांग लागली होती, सगळी रिकामी. मला आनंद झाला आणि तो मी लपवला नाही. मालकाच्या समोर उभी राहून पूर्ण बाटली पाणी प्यायले, सावकाश.

घरी अब्बांना सांगितलं. त्यांना मालकाचा चेहरा कसा झाला यात रस नव्हता. "आवाज कैसा गिरा इंजिनका, फिरसे बोल," म्हणाले. मी सांगत राहिले, ते डोळे मिटून ऐकत राहिले.

पण तो अजून बोललेला नाही. अब्बा खरं बोलले होते, हे त्याने कुणालाही सांगितलेलं नाही, आणि माझा राग तिथेच आहे. तो बोलणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही ऑपरेटर असाल, किंवा तुमच्या घरात, गल्लीत कुणी असेल, तर उद्या सकाळी मशीन चालू करण्याआधी चावी फक्त ऑन करा. इंजिन हाताला गार लागलं आणि काटा मध्ये दिसला, तर त्या काट्याचा फोटो काढा, तो तुमच्या ऑपरेटरांच्या ग्रुपवर टाका आणि काटा खरा होईपर्यंत स्टार्टर मारू नका.