नुसरत मॅडमचा भात

कुणाकडेही जेवायला गेलं, की नुसरत मॅडम भाताचा एक घास ताटाच्या कडेला सारून ठेवायच्या आणि सगळं जेवण उरकल्यावर तो गार घास सावकाश चावत बसायच्या. घरची बाई बिचारी कावरीबावरी व्हायची. मॅडम तिला म्हणायच्या, "अहो, भात छानच आहे. पण गरम असताना सगळेच तांदूळ गोड लागतात. आत काय आहे ते गार झाल्यावर कळतं."

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा मॅडम विभागप्रमुख होत्या. आपला हा ज्वारी-बाजरीचा मुलूख, आणि ही बाई पडेगावच्या घराच्या गच्चीवर बादल्यांमध्ये भात लावते! मला तर हे वेडच वाटलं. मग एकदा त्यांनी एकाच लोंबीतले दाणे ब्लेडनं कापून त्यांवर आयोडीनचे थेंब सोडले. काही दाणे निळेकाळे झाले, काही तांबूस. एका आईची लेकरं, आणि स्वभाव असे वेगळे! निळ्या दाण्यांतल्या पिठात अमायलोज नावाचं पिष्ट असतं. ते जितकं जास्त, तितका भात मोकळा आणि गार झाल्यावर कडक. तांबूस दाण्यांत ते जवळजवळ नसतंच, म्हणून तो भात चिकट. हे ठरवणारं जनुक एकच, पण त्याची रूपं कितीतरी. दाण्याचा अंकुराकडचा अर्धा भाग मॅडम पेरायला जपून ठेवायच्या. "अर्ध्याला विचारायचं, अर्धा पेरायचा," असं म्हणायच्या. त्या दिवशी घरी जाऊन मी डब्यातले तांदूळ कापत बसले. आईनं कपाळावर हात मारून घेतला.

हा सगळा खटाटोप इक्बालभाईंसाठी होता. इक्बालभाई म्हणजे मॅडमचे मिस्टर, शहागंजात त्यांचं चष्म्याचं दुकान. त्यांना मधुमेह निघाला आणि डॉक्टरांनी भात बंद केला. आणि माणूस असा, की भात नसेल तर जेवलो म्हणायचाच नाही. अमायलोज जास्त असलेला भात हळू पचतो, साखर एकदम चढत नाही. पण नेमका तोच घशात अडकतो. हळू पचेल आणि तरी मऊ लागेल असा दाणा मॅडमना हवा होता. दर हंगामात त्या नवे संकर करायच्या, इक्बालभाई चाखायचे आणि "वा, क्या बात है!" म्हणायचे. त्यावर भरवसा ठेवून पुढची निवड व्हायची.

निवृत्तीच्या सुमारास मॅडमचा भात नवं वाण म्हणून नोंदणीला पाठवायचं ठरलं. निरोपाच्या जेवणाला त्यांनी तोच रांधून आणला. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी गंमत म्हणून इक्बालभाईंपुढे दोन वाट्या ठेवल्या, एकीत मॅडमचा भात, दुसरीत बाजारचा, आणि कुठला कुठे ते सांगितलं नाही. दोन्ही वाट्या चाखून त्यांनी बाजारचा उचलला आणि म्हणाले, "हाच आमच्या बेगमचा. काय मऊ झालाय!"

मॅडमनी शांतपणे दुसरी वाटी त्यांच्या पुढ्यात सरकवली आणि म्हणाल्या, आता खरं सांगा. इक्बालभाईंनी मान खाली घातली. हा भात पहिल्यापासून घशाखाली उतरत नाही, म्हणाले. पण तू उन्हातान्हात त्या बादल्यांपाशी राबतेस, तुझ्या तोंडावर कसं सांगू?

"म्हणजे इतकी वर्षं मी तुमच्या प्रेमावरून तांदूळ निवडत होते?" मॅडम म्हणाल्या. लई चिडल्या होत्या. डोळ्यांत पाणी होतं. नोंदणीचं त्यांनी तिथंच रद्द केलं. त्यांच्या नावाचं वाण आजपर्यंत निघालेलं नाही.

पण गच्ची पुन्हा हिरवी झाली. आता इक्बालभाई घास घेताच तोंड वाकडं करायचे आणि मॅडम खुशीत विचारायच्या, "बरं, कुठं टोचतोय?" इतक्या आनंदात मी त्यांना कॉलेजात कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात मॅडम गेल्या. भात अजून बादल्यांत उभा होता. कापणी झाल्यावर इक्बालभाईंनी मला जेवायला बोलावलं. भात त्यांनी स्वतः शिजवला होता. चार घास खाऊन ते म्हणाले, "वैशाली, या खेपेला खरंच जमलाय गं. आता कुणाला सांगू?"

मी म्हटलं, मला सांगा. मग ते एकेक घास घेत तो कसा लागतोय ते सांगत राहिले, आणि मी एकेक शब्द लिहून घेतला.