टोपाला लावलेलं हळदकुंकू

तापलेल्या भांड्यावर हळद करपली की एक वास सुटतो. फोडणीतल्या हळदीचा वास वेगळा, तो भूक चाळवतो. हा कोरडा असतो, मातकट आणि घशाशी थोडा कडू. परवा सरकारी दवाखान्याच्या ओट्यावर बसले होते, तेव्हा तो आतून आला आणि मी काठी टेकून उठलेच. नातसून आत कळा देत होती. स्टोव्हवर झाकणाचा टोप ठेवून त्यात नर्सबाईची कात्री-चिमटे उकळत होते आणि नातसुनेची आई त्या टोपाला बाहेरून हळदीची बोटं ओढत होती. नर्सबाई पोरसवदाच. ती ओरडली, "काकी, अहो हे काय करताय?" तर ही बाई शांतपणे कुंकू लावत म्हणाली, "रीत हाय आमची. टोपाला हळदकुंकू लावल्याबिगर नाळेच्या हत्याराला हात लावायचा नाय. लय जुनी रीत हाय ती, बाई." नर्सने मान हलवली. "लावा बाहेरून. झाकण तेवढं उघडू नका."

मी परत ओट्यावर येऊन बसले. ती बाई डोंगरापलीकडच्या गावची. म्हणजे रीत तिथवर पोचली होती. कुठून निघाली, हे मला ठाऊक होतं, कारण ती निघाली तेव्हा मी तिथे आडवी पडलेली होते.

माझं माहेर शहापूरचं. तिथल्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यावर आजही लिहिते-वाचते. शहापुरात लोकल बोर्डाचा दवाखाना होता. लाल औषधाची बाटली घरून न्यावी लागे आणि दारात फिनेलचा वास नाकात बसे. खरूज झाली, ताप आला, विंचू चावला तर माणसं तिथे जात. बाळंतपणासाठी मात्र कोणी बाई गेल्याचं मला आठवत नाही. ते घरचं काम होतं. आजाराला दवाखाना, बाळंतपणाला सुईण, आणि पोर मेलं तर सटवाई. अशी वाटणी ठरलेली होती. त्यात कोणाला काही चुकतंय असं वाटत नव्हतं.

लग्न होऊन मी मुरबाडकडे, वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या गावात आले. शहापुराहून आलेल्या पोरीला तो मुलूख रानटीच वाटायचा. घर कुडाचं, भात आणि नाचणी, आणि पाण्याला उतारावरून खाली झऱ्यापर्यंत जायचं. संध्याकाळी डोंगराची सावली शेतं गिळत यायची ती अजून डोळ्यापुढे आहे. माणसं वाईट नव्हती. सासू कडक होती, पण उपाशी कोणाला ठेवत नसे. मला पहिला मुलगा झाला. गुटगुटीत होता. पाचवी पुजली, सगळं रीतसर झालं, आणि आठवडा उलटायच्या आत त्याने दूध ओढायचं सोडलं. तोंड उघडेना. जबडा घट्ट मिटलेला, अंग ताणून कमानीसारखं, हात लावला की झटका. संध्याकाळी गेला. दुसरी मुलगी, तिचंही तसंच. गावात अशी पोरं जात. सटवाईने नेलं म्हणायचे, पूजेत काही उणं राहिलं असेल म्हणायचे, आणि आईकडे बघायचे. दुसऱ्या वेळेला सासूने भात वाढता वाढता सांगून टाकलं, "तिसरंबी गेलं त पोराला दुसरी बायको बघीन. मंग माज्यावर राग धरू नको." मी राग धरला नाही. तिने निदान तोंडावर सांगितलं होतं.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, कापड मिळत नव्हतं, आणि अशात बोर्डाने मुरबाडच्या दवाखान्यात एक नर्स नेमली. ही सुधारणा कोणी ठरवली, कशी ठरवली, मला माहीत नाही. आमच्यापर्यंत सुधारणा आली ती चपला हातात धरून ओढा ओलांडणाऱ्या एका बाईच्या रूपाने. पांढरं पातळ, कपाळ मोकळं, हातात कातडी पेटी. विधवा होती. लहानपणीच नवरा गेला आणि पुण्याकडे शिकली, एवढंच कानावर आलेलं. पाटलाच्या घरी न जाता ती झऱ्यावर आली, कारण बाया तिथे असतात. हंडा उचलून देता देता तिने सरळ विचारलं, "इथे कोणाची मुलं आठवड्याच्या आत जातात?" असा प्रश्न कोणी विचारतं का? बायांनी हंडे खाली ठेवले. मग सगळ्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. मला सहावा लागला होता.

ती माझ्याजवळ दगडावर बसली. "नाळ कशाने कापतात तुमच्यात?"

"विळ्याने."

"कुठल्या?"

"घरातल्या. गवताच्या."

तिने डोळे मिटले आणि उघडले. मग मला शाळा किती झाली ते विचारलं आणि समजावून सांगितलं. गवताच्या, शेणाच्या, गोठ्याच्या मातीत एक विष असतं, दिसत नाही, ते विळ्यावरून आणि वर दाबलेल्या गोवरीच्या राखेतून बेंबीत जातं. पाण्यात खळखळून उकळलं की मरतं. मला ते पटलं की नाही, आठवत नाही. माझी दोन पोरं गेली त्याला कोणीतरी पहिल्यांदाच कारण दिलं होतं, एवढं समजलं. तोवर कारण मीच होते.

आमच्याकडे विळा बदलणं सोपं नव्हतं. नाळ घरच्याच विळ्याने कापायची. कापण्याआधी त्याला हळदकुंकू वाहायचं, कापल्यावर तो बाळंतिणीच्या उशाखाली ठेवायचा, आणि पाचवीला तोच विळा पाट्यावर मांडून पुजायचा. लोखंड पोराला राखतं. परक्या बाईच्या पेटीतली कात्री ते काम कशी करणार? नर्सने हे सगळं ऐकून घेतलं आणि कात्रीचं नावच काढलं नाही. "विळा तुमचाच असू दे," म्हणाली, "फक्त उकळा."

पुढे पौषात, भात झोडून झालं होतं तेव्हा, मला पहाटे कळा सुरू झाल्या. नर्स त्या आठवड्यात लस टोचायला म्हणून वैशाखऱ्याच्या चावडीत मुक्कामाला आहे, हे आमच्या ह्यांना ठाऊक होतं. ते आईला म्हणाले, "लाकडं बघून येतो," आणि कुऱ्हाड न घेताच गेले. सासूच्या ध्यानात आलं असणार. पण तिने त्यांना जाऊ दिलं.

दुपारी नर्स दारात उभी राहिली तेव्हा मात्र सासूने वाट अडवली. "आमच्यात बाळंतिणीच्या खोलीत पांढऱ्या कपाळाची बाई येत नाय."

"नाही येत," नर्स म्हणाली. "मी पडवीत बसते. दार तेवढं उघडं ठेवा."

आणि ती पडवीतच बसली, उखळाजवळ, पेटी मांडीवर घेऊन. मी वळून पाहिलं की तिचे गुडघे आणि पेटी दिसायची. तिथूनच तिने सुईणीला आपला साबण दिला. सुईण म्हणजे आमच्या गावची म्हातारी, निम्मा गाव तिच्या हातावर जन्मलेला, जीभ चाकूसारखी. साबणाचा वास घेऊन ती म्हणाली, "माजं हात का घान वाटलं गो तुला? तुज्या आयेचं बालंतपन म्याच केलं असतं त बरी निपजली असतीस." पडवीतून हसण्याचा आवाज आला. म्हातारीने मग कोपरापर्यंत हात चोळले, दोनदा, हट्टानेच.

चुलीवर टोप चढला. विळा, दोरा, जुन्या धोतराचा तुकडा, सगळं त्यात. पाणी खळखळू लागलं. नर्सने सांगितलं तेवढा वेळ ते खळखळलं. मग सासूने फडक्याने टोप उतरवला, पाणी ओतलं, विळा काढला आणि, हात सवयीनेच चालत होते तिचे, सारवलेल्या जमिनीवर तांदळाची मूठ घालून त्यावर तो मांडला. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, हात जोडले.

पडवीतून आवाज आला, "आई, तो परत पाण्यात टाका."

सासू सर्रकन वळली. "हळदकुंकू वायलेला इळा चुलीवर चढवू? देवीला उकळू काय मी?"

"जमिनीला शेण आहे, आई. आता मघाच्या उकळण्याला अर्थ उरला नाही."

"माज्या घरात माजा देव तू नको शिकवू!"

मला मधूनच कळ येत होती आणि ओरडायचीही लाज वाटत होती. ह्या दोघींच्या मध्ये तो विळा पडलेला, ओला, कुंकवाने लाल. पोर यायला किती वेळ होता ते म्हातारीलाच ठाऊक. तीच बोलली. आवाज चढवला नाही, माझ्या पोटावरचा हातही काढला नाही.

"टाक गो पान्यात."

"तूबी?" सासू म्हणाली.

"हिची दोन गेली ती कोनाच्या हातची व्हती? माज्याच. देवी दोनदा पुजलेली व्हती ना? टाक."

सासू जागची हलेना. तेव्हा नर्सने पडवीतूनच वाट काढली. ती म्हणाली, "आई, देवीला उकळू नका. देवी टोपात बसवा. विळा आत ठेवा आणि हळदकुंकू टोपाला बाहेरून लावा. मग विळा कुठे टेकवायचा नाही, टोपातून सरळ आजींच्या हातात."

सासूने खूप वेळ लावला, किंवा मला तसं वाटलं. मग विळा उचलून टोपात टाकला, नवं पाणी ओतलं, आणि टोप तापत असताना त्याला पाच बोटं हळदीची ओढली. हळद करपली. तो वास तेव्हा पहिल्यांदा आला. मुलगा झाला तेव्हा सूर्य मावळायला टेकला होता. नाळ म्हाताऱ्या सुईणीने कापली, टोपातून काढलेल्या विळ्याने, आणि बेंबीवर राख न घालता उकळून वाळवलेलं फडकं बांधलं.

पुढच्या दिवसांबद्दल काय लिहू? पोर जन्मल्याचा आनंद वगैरे काही मला झाला नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत बसले. सासूही बघत बसायची. पाचवी झाली, विळा पाट्यावर पुजला. नंतर पोरगा दर वेळी रडायला तोंड उघडी आणि आम्ही दोघी श्वास सोडायचो. एकदा झोपेत त्याने मूठ आवळली तर सासूने चुलीवरचं दूध तसंच उतू जाऊ दिलं. आठवडा उलटला, आणखी एक दिवस गेला, आणि सकाळी नर्स अंगणात येऊन उभी राहिली. विचारायला तिचा धीर झाला नाही बहुतेक. सासूनेच सांगितलं, "पितो. चावतोबी मेला."

नर्स अंगणातच खाली बसली. पाणी मागितलं. सासूने ते तिला द्रोणातून दिलं.

बारशाला सुईणीची ओटी भरली, लुगडं दिलं, कपाळाला कुंकू लावलं. विळ्याला लागलं, पाट्याला लागलं, उखळाला लागलं. टोपालासुद्धा लागलं, सासूने आठवणीने लावलं. नर्सबाईसाठी तिने सुपात नवे तांदूळ काढून ठेवले आणि ह्यांच्या हाती चावडीवर पाठवले. कुंकू पाठवायचा प्रश्नच नव्हता. सासूच्या परीने तो मोठा मान होता आणि तो तेवढाच होता. दोन्ही खरं आहे.

नर्स वर्षभर दिसली. मग दिसेनाशी झाली. कोणी म्हणे बदली झाली, कोणी म्हणे भिवंडीकडे पटकीच्या साथीत गेली. मला माहीत नाही, आणि माहीत नाही ते लिहिणार नाही. तिच्या जागी पुष्कळ वर्षं कोणीच आलं नाही. स्वराज्य आलं, रस्ता आला, दवाखाना त्याच्याही मागून आला. पण त्या मधल्या वर्षांत सुईण म्हातारी जिथे जाई तिथे आधी टोप मागे. "देवी टोपात बसवा," असं दटावून सांगे. विष, शेण, पाणी यातलं काही ती सांगत नसे. तिच्यानंतर तिच्या सुनेने तसंच केलं. कोणाला कारण ठाऊक नव्हतं आणि कारणावाचून अडलंही नाही. पोरं मात्र जगू लागली. पुण्याला शिकलेली ती बाई आमच्या डोंगरात जे ठेवून गेली, ते तिचं आहे असं कोणाला कळलंच नाही. कळलं असतं तर बहुधा टिकलंही नसतं.

परवा दुपारपर्यंत नातसून मोकळी झाली. मुलगी झाली. माझा मुलगा, म्हणजे तेव्हाचा तोच, ओट्याच्या टोकाला बिडी विझवून माझ्याशेजारी येऊन बसला. केस पिकलेत, गुडघे दुखतात, मुरबाडची एसटी वेळेवर येत नाही म्हणून सकाळपासून कुरकुर चालली होती. त्यालाही तो करपलेला वास आला असावा.

"आये," तो म्हणाला, "ही टोपाची रीत खरंच जुनी हाय का गो?"

"तुझ्याएवढी," मी म्हटलं.

त्याला ती थट्टा वाटली. हसला आणि नातीला बघायला आत गेला. त्या पोरसवदा नर्सने त्याला उंबऱ्यावर थांबवलं, आधी हात धुवायला लावले. तिच्या कपाळावर लाल टिकली होती.