गाडी नसलेला डीजे

नाशिकच्या एका लग्नाच्या बँडमध्ये मी सतरा वर्षं क्लॅरिनेट वाजवली. मग वरातींना डीजे लागायला लागला, आमच्या सुपाऱ्या बोटांवर मोजण्याएवढ्या उरल्या आणि मास्तरांनी बँड बंद केला. मी फार रडारड केली नाही. लोकांना जे ऐकायचं ते लोक ऐकणार. पण वाजवणारा म्हणून जगलो होतो, आता एटीएमबाहेर खुर्ची टाकून बसायची माझी तयारी नव्हती. म्हणून ठरवलं, आपणही डीजे घ्यायचा.

बायको म्हणाली, "आपल्या घरात मावेल का तो?"

तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे डीजे म्हणजे माणूस नव्हे. डीजे म्हणजे टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत. ती गल्लीतून गेली की खिडक्यांच्या काचा थरथरतात. भिंतीमागे कुणीतरी बसून गाणी लावत असतो, पण त्याचं तोंडही कुणी पाहिलेलं नसतं. मला त्या माणसाचं काम हवं होतं. भिंत परवडणारी नव्हती आणि खरं सांगायचं तर मला तिचा रागही होता.

शालिमार चौकाजवळच्या साउंडच्या दुकानदाराला मी माझी ऐपत सांगितली. तो म्हणाला, "काका, एवढ्यात बेसचा एक स्पीकर येईल. जोडीसुद्धा नाय."

"मला बेस नको. गाणी बदलायचं मशीन दाखवा."

"ते कोण बघतं? डीजे म्हणजे आवाज."

तरी त्याने खालच्या फळीवरून एक चपटी पेटी काढली. दोन फिरती चाकं, मधे सरकपट्ट्या आणि भरपूर लुकलुकणारे दिवे. माझ्या ऐपतीत बसत होती. मी ती उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "हेडफोन कुठे लावायचा?"

"हेडफोन कशाला? समोर वाजतंयच की."

मी पेटी परत ठेवली. मी अडून बसलो असं त्याला वाटलं असणार. पण बँडमध्ये गाणं बदलायची एक रीत असते. मास्तर क्लॅरिनेट डोक्यावर उंच धरतात. म्हणजे हे कडवं संपलं की नवं गाणं. ढोलवाला ताल सोडत नाही आणि तेवढ्या वेळात प्रत्येकाच्या डोक्यात पुढचं गाणं सुरू झालेलं असतं. मास्तरांचे गुडघे गेल्यावर शेवटची काही वर्षं ती खूण मीच करायचो. येणारं गाणं आधी आपल्या कानात वाजलं पाहिजे, मग ते लोकांना द्यायचं. एवढं एक मला पक्कं कळत होतं.

महिनाभराने मालेगावच्या एका माणसाकडे जुना कंट्रोलर मिळाला. म्हणजे तशीच पेटी, पण कामाची. एक चाक जरा घट्ट फिरत होतं, कोपरा फुटलेला होता. मी काही बोलायच्या आत त्याने हेडफोन माझ्या हातात दिला. "भाई, पहिले ऐकून घ्या. पसंत नाय आलं तर राहू द्या." समोर एक गाणं चालू होतं आणि माझ्या कानात दुसरं. मी तिथेच घासाघीस सोडून दिली. लॅपटॉप मेव्हण्याचा जुना घेतला. स्पीकर विकत घ्यायचेच नाहीत, लागतील तेव्हा भाड्याने आणायचे, असं ठरवलं.

पहिली सुपारी ओझरजवळच्या एका हळदीची मिळाली, दुपारची. मी रिक्षातून दोन स्पीकर आणि पेटी घेऊन उतरलो. नवरीचे मामा दारातच उभे होते.

"डीजे कुठंय?"

"आलोय ना."

"तुम्ही ऑपरेटर. गाडी कुठंय?"

"गाडी नाही."

"मग सुपारी कशाची घेतली हो?"

पाच-सहा जण जमले. इथून परत गेलो असतो तर पुन्हा पेटी उघडली नसती, हे मला ठाऊक होतं. म्हणालो, "दोन गाणी ऐका. नाही आवडलं तर सुपारी परत."

पहिल्या गाण्याला कुणी हललं नाही. मामा हाताची घडी घालून समोरच उभे. मी दुसरं गाणं कानात घेतलं, घट्ट चाक दाबून ताल जुळवला. कडवं संपत आलं आणि माझा उजवा हात आपोआप डोक्यावर उंच गेला.

तसाच उभा राहिलो. बँडमधल्या बारा माणसांनी माझ्याकडे बघायचं होतं, त्यातलं एकही तिथे नव्हतं. आमच्यातला ढोलवाला आता भाजीची गाडी लावतो, बाकीचे कुठे आहेत तेही मला माहीत नाही. हात खाली घ्यायचंही सुचेना.

तेवढ्यात नवरीच्या मावशीने हळदीने माखलेला हात वर केला. तिला वाटलं, नाचायची खूण आहे. मग दुसरीने केला. बघता बघता मांडवात सगळे पिवळे हात वर.

डाव्या हाताने मी सरकपट्टी नव्या गाण्यावर सरकवली. ताल तुटला नाही. मामा मोबाइलवर कुणाला तरी ओरडून सांगत होते, "या लवकर, डीजे आलाय!"