विनोदाच्या आधीचं हसू

समस्त कुटुंबीयांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, रविवारी दुपारी जुना विनोदी सिनेमा सुरू असताना अण्णांनी विनोदाच्या आधी हसू नये!

हा हुकूम मीच काढलेला. माझ्या वडिलांना ते सगळे कृष्णधवल सिनेमे तोंडपाठ. खोट्या मिशीचा नायक सासऱ्यांसमोर चहाला बसला, की मिशी कपात पडायच्या आधीच अण्णा खो खो हसत सुटायचे. मग आई शेंगांची टरफलं त्यांच्या अंगावर फेकायची, "अहो, आम्हाला बघू तरी द्या!"

परवाच्या रविवारी तोच सिनेमा लावला. नायक चहाला बसला. अण्णा गप्प. मिशी कपात पडली आणि अण्णा हसले. आमच्याबरोबर, अगदी वेळेवर, पहिल्यांदा बघणाऱ्यासारखे.

हुकूम पाळला म्हणून टाळी मागायला मी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. आईच्या बोटांतली शेंग फुटली नाही. विसरणं असं हसत हसत घरात शिरतं, हे मला ठाऊक नव्हतं.

अण्णा डोळे पुसत माझ्याकडे वळले, "काय धमाल सिनेमा आहे रे! इतके दिवस मला दाखवला का नाहीस?"