‘नही शे’च्या पोटातलं ‘शे’

आबेदाला कुणी ‘कॉम्प्युटरवाली बाई’ म्हटलं की तिला हसू यायचं. मेहरूणमधल्या तिच्या गल्लीत कॉम्प्युटर म्हणजे मोबाईलच्या दुकानातला चकचकीत डबा. तिचा कॉम्प्युटर लोकांनी पाहिला असता, तर भंगारवाल्याच्या गाडीवरून उचलून आणलाय असंच म्हटलं असतं. काळा पडदा, हिरवी अक्षरं आणि चालू करताना दमेकऱ्यासारखी घरघर. फैजपूरच्या पुढे एका ट्रस्टचा दवाखाना आहे. तिथल्या रक्ततपासणीच्या खोलीत हे यंत्र आणि आबेदा बरोबरच म्हातारी होत चालली होती.

ते टाकून का देत नव्हते, असा प्रश्न कुणालाही पडेल. रक्त तपासायचं मशीन कुणा दानशूराने दिलेलं, आणि त्याला या जुन्या कॉम्प्युटरशिवाय दुसऱ्या कुणाशी बोलताच येत नव्हतं. दानात मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. ट्रस्टच्या लोकांनी तर त्या गाईकडे पुन्हा वळूनसुद्धा पाहिलं नाही.

कॉम्प्युटरच्या पोटात दोन स्क्रिप्टा, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, होते. पहिली मशीनकडून आकडे घ्यायची, सिकलसेलचा, म्हणजे आईबापाकडून येणारा, दोष रक्तात आहे की नाही ते ठरवायची आणि तसा एका ओळीचा निरोप डिस्कवर ठेवून द्यायची. दुसरी तो निरोप वाचून चिठ्ठी छापायची. पहिलीला दुसरी दिसत नव्हती, दुसरीला पहिली. मधे फक्त ती एक ओळ. त्या लिहिल्या होत्या देवपूरच्या अभिमन नानांनी. नाना पक्के धुळ्याचे, गमत्या माणूस. निरोपाचे शब्दही त्यांनी इंग्रजी अक्षरांत पण अहिराणीत ठेवले होते. दोष असेल तर ‘शे’, नसेल तर ‘नही शे’. कुणी हसलं की म्हणायचे, “मशीन खान्देशमा शे, त्याले इंग्रजी कसाले?”

नाना निवृत्त होऊन देवपुरात जाऊन बसले. गाडा आबेदाच्या गळ्यात पडला आणि तिने तो नीट ओढलाही. तिच्या घरी बोली हिंदी-उर्दूची, दवाखान्यात मराठी. अहिराणी तिला समजायची, पण आईच्या कडेवर बसून शिकलेली ती भाषा नव्हे. तिने चूक केली ती नेमकी इथे.

त्या आठवड्यात डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यांवर तपासणीचं शिबिर झालं होतं. लग्नाच्या वयाची पोरंपोरी, म्हणून चिठ्ठ्या लवकर हव्या होत्या. आणि डिस्क रुसली. निरोपाच्या ओळीत शेवटी भलतंच एखादं चिन्ह चिकटून यायला लागलं. दुसरी स्क्रिप्ट अख्खी ओळ जुळवून बघायची, ती जुळेना, चिठ्ठी कोरी निघायची. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. आबेदाने दुसऱ्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ बदलली. अख्खा निरोप जुळवायची गरज नाही, त्यात कुठेही ‘शे’ सापडलं तर ‘आहे’ छाप, नाहीतर ‘नाही’. एका जुन्या वाहक, म्हणजे रक्तात दोष असून आजारी नसलेल्या, पेशंटचे आकडे घालून पाहिले. चिठ्ठी बरोबर ‘आहे’ म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला आणि शिबिराच्या चिठ्ठ्या भराभर निघून जीपमध्ये गेल्या.

अहो, मराठीत ‘नाही’ म्हटलं की ‘आहे’ला तिथे जागाच उरत नाही. अहिराणीत मात्र ‘नही शे’च्या पोटात ‘शे’ मांडी घालून बसलेलं असतं. त्या दिवशी मशीनने ज्याला ज्याला ‘नही शे’ म्हटलं, त्याला त्याला चिठ्ठीने ‘आहे’ म्हटलं. शिबिर लहान होतं आणि डोंगरात हा दोष बऱ्याच घरांत आहे, म्हणून चिठ्ठ्या वाटणाऱ्या सिस्टरलाही काही खटकलं नाही.

पुढच्या आठवड्यात दवाखान्याचा ड्रायव्हर जितेंद्र तपासणीसाठी रक्त देऊन गेला, आणि त्याचीही चिठ्ठी ‘आहे’ निघाली. त्याची आधीची तपासणी स्वच्छ होती, ती आबेदानेच छापली होती. तिने देवपूरला फोन लावला. नानांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग नेहमीचं हसू नसलेल्या आवाजात म्हणाले, “बेटा, ‘नही शे’मा बी ‘शे’ शेच ना.”

आबेदाने फोन ठेवला. सून घरात आणावी आणि तिला भलत्याच नावाने हाकारावं, तशी लाज तिला वाटली. नाही, लाज नव्हे, भीती वाटली. कुणाच्या तरी घरात तिची चूक एव्हाना जेवायला बसली असेल.

मशीनमध्ये आकडे शाबूत होते. तिने ओळ सुधारली आणि सगळे निकाल पुन्हा काढले. चिठ्ठ्या एकामागून एक ‘नाही’ निघाल्या. एकच ‘आहे’ राहिली, ईश्वर नावाच्या एका पोराची. ते नाव ऐकताच सिस्टरने कपाळाला हात लावला. याच ईश्वरचं लग्न पलीकडच्या पाड्यावरच्या सुनिताशी ठरलं होतं. दोघांच्या चिठ्ठीवर ‘आहे’ आलं, आणि दोघांत दोष असला तर लेकरू आजारी निघू शकतं हे सिस्टरनेच शिबिरात बजावलेलं. मोठ्या माणसांनी बसून लग्न मोडलं होतं.

“पुन्हा तपासलं, बरं निघालं, एवढंच सांगा,” डॉक्टर म्हणाले. “चूक झाली असं बोलायला जाऊ नका. आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्याला सांगायची नाही, लक्षात ठेवा.”

दुसरी गोष्ट आबेदाला पटली. पहिली नाही पटली. घरी नवरा असलम म्हणाला, “मशीन की गलती है, तू क्यों मरती है?” सकाळी आबेदाने पहिली एसटी धरून दवाखाना गाठला आणि ती सिस्टरबरोबर जीपमध्ये बसली. तिच्या मनात एकच होतं. मोडलेलं लग्न आपण सांधू. सुनिताला दोष नाही, ईश्वर नुसता वाहक. अशा जोडप्याचं लेकरू आजारी होत नाही. म्हणजे अडचण कुठे उरलीच नाही.

सिस्टर बाकीच्या घरांकडे वळली आणि आबेदा सुनिताच्या दाराशी गेली. सुनिताची आई धनीबाई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. आबेदाने उभ्या उभ्याच सांगून टाकलं, “चूक माझी आहे. मशीनने ‘नाही’ सांगितलं होतं, मी ‘आहे’ छापलं. तुमच्या पोरीला काही नाही.”

धनीबाई आधी तिच्याकडे बघत राहिली. मग रागावेल असं वाटत होतं, तर ती रडायलाच लागली. आबेदाचा हात धरून तिला खाटेवर बसवलं, आतून सुनिताला बोलावलं, पाणी दिलं. “मनी पोर बरी शे! माले म्हाईतच व्हतं!” आबेदाच्या डोळ्यांतही पाणी आलं. इतके दिवस जेवण गोड लागलं नव्हतं, ते सगळं फिटलं असं तिला वाटलं.

तेवढ्यात धनीबाईने डोळे पुसले आणि विचारलं, “आनि त्या पोऱ्यानी चिठ्ठी? ती बी बदलनी का?”

आबेदा गप्प राहिली. सांगता येत नव्हतं, आणि खोटंही बोलता येत नव्हतं. धनीबाई डोंगरात जन्म काढलेली बाई, तिला शब्दांची गरज नव्हती.

“समजनं,” ती म्हणाली. आवाज एकदम कोरडा झाला होता. “मंग आते आम्हीच देवाव नही. बरी पोर काबर खड्डामा टाकसूत?”

आबेदाने जीव तोडून समजावलं. ईश्वरचं नाव न घेता समजावलं. एकालाच असेल तर भीती नाही, लेकरांना त्रास होत नाही, डॉक्टर स्वतः येऊन सांगतील. धनीबाई मान हलवत होती आणि ऐकत काहीच नव्हती. शिबिरात तिने एवढंच ऐकलं होतं की हा दोष वाईट, आणि तेच तिच्या मनात पक्कं बसलं होतं. थोड्या वेळाने ती फुलं तशीच टाकून शेजारी सांगायला निघून गेली, आपली पोर बरी आहे म्हणून.

सुनिता दारातच उभी होती. तिने आबेदाने आणलेली नवी चिठ्ठी वाचली. चार यत्ता शिकलेली होती, ‘नाही’ तिला वाचता येत होतं. आबेदाला वाटलं, निदान ही तरी समजून घेईल.

“तुला कळलं ना गं मी काय म्हणाले ते? तुमचं लग्न होऊ शकतं.”

“माले समजनं, अक्का,” सुनिता म्हणाली. “आईले कोन समजाडी? आनि त्याले? लगन मोडनं मंग बाजारमा भेटनूत, तवय दोन्हीस्ना चिठ्ठीवर ‘शे’ व्हतं. आम्ही ठराई टाकेल व्हतं, पळी जाईसन लगन करसूत, लेकरं नही ते नही. आते त्याले समजनं का मी बरी शे, तो माले लई जावाव नही. तो म्हनी, मन्हामुळे तुनी जिनगी काबर खराब करू.”

तिने चिठ्ठीची घडी केली आणि आबेदाच्या मुठीत कोंबली.

“हाई परत लई जा, अक्का. मनं ‘शे’च राहू द्या.”