अण्णांच्या ट्रॅक्टरचा रंग

अण्णांचा ट्रॅक्टर कायम उतारावर उभा असे. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. जे. पी. नगरच्या पुढे, जिथे तेव्हा घरं संपून नाचणीची शेतं सुरू होत, तिथे त्यांची जमीन आणि घर होतं. काकांनी तो ट्रॅक्टर घेतला तेव्हा मी शाळेत होतो. इंजिनाची तक्रार कधीच नव्हती. तक्रार बॅटरीची होती. ती चार्ज होत नसे. नवी आणली तरी थोड्याच दिवसांत गपगार. म्हणून अण्णा संध्याकाळी ट्रॅक्टर गोठ्यामागच्या उताराच्या माथ्यावर नेत, चाकापुढे फणसाच्या लाकडाचा ओंडका लावत आणि सकाळी ओंडका काढून, गडगडत खाली येता येता गिअर टाकून इंजिन चालू करत. अशी बरीच वर्षं गेली. घरातल्या सगळ्यांना वाटू लागलं होतं की ट्रॅक्टर असाच चालू करतात.

मग एका वर्षी दसऱ्यातल्या आयुधपूजेच्या सुमारास एक दिवस ओंडका सरकला. ट्रॅक्टर आपला आपण निघाला आणि धुण्याच्या दगडावर जाऊन थडकला. वहिनी नुकत्याच बादली उचलून तिथून निघाल्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी मला फोन केला.

मी पूजेच्या आदल्या दिवशी सकाळीच मीटर पिशवीत घालून गेलो. यशवंतपूरच्या एका कारखान्यात तयार माल तपासून पास-नापास करणं हे माझं काम. आकडा दिसल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, ही तिथली सवय घरीही सुटलेली नाही.

"भावजी, तुम्ही रोज हेच करता ना?" वहिनींनी विचारलं.

"मी पंख्याच्या मोटरी तपासतो, वहिनी."

"मोटर ती मोटर. आज दुरुस्त झाला तर राहील. नाहीतर पूजा झाली की शिवाजीनगरचा भंगारवाला नेईल. येऊन बघून गेलाय तो. टायरसुद्धा दाबून बघितले."

"टायर दाबून काय कळतं त्याला?" अण्णा म्हणाले. "वांगी घ्यायला आला होता का?"

पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. वहिनी एकदा बोलल्या की तो शब्द फिरत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

ट्रॅक्टर मात्र नुकताच दुकानातून आणल्यासारखा दिसत होता. आयुधपूजेच्या आधी आमच्याकडे सगळेच आपापली वाहनं धुतात, पुसतात. अण्णा तेवढ्यावर थांबत नसत. ते दरवर्षी ट्रॅक्टरचे पत्रे खोलत, डबे-पेट्या सुट्या करत, सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा काढून सगळ्याला लाल रंग देत आणि वाळल्यावर पुन्हा जोडत. लग्नाच्या खोलीलाही एवढा रंग दिला नव्हता, असं वहिनी म्हणत.

आम्ही ट्रॅक्टर उतारावरून सोडून चालू केला. आधी डायनॅमो वीज करतो का ते बघायचं होतं. मीटरची लाल सुई डायनॅमोच्या तारेला लावली, काळी मडगार्डला टेकवली. काहीच दिसेना. काळी सुई बॉनेटला लावली. तरी शून्य. मीटरच बिघडला असेल म्हणून बॅटरीवर लावून बघितला, तर आकडा व्यवस्थित. पुन्हा मडगार्डवर आलो आणि या वेळी सुई जोरात दाबली. टोक रंगातून आत गेलं आणि मीटरचा काटा उसळला.

"हळू, स्वल्प हळू," अण्णा म्हणाले. "कालच दिलाय रंग."

म्हणजे डायनॅमो चांगला होता. मी मात्र त्या रंगातल्या भोकाकडे बघत राहिलो. अशा जुन्या गाडीत वीज एका तारेने जाते आणि परत येते ती लोखंडी अंगातून. माझ्या सुईला लोखंड सापडायला एवढं दाबावं लागत असेल, तर ट्रॅक्टरच्या बाकीच्या भागांना ते कसं सापडत असेल?

डायनॅमोची वीज बॅटरीकडे जाते ती रेग्युलेटर नावाच्या एका छोट्या डबीतून. ती समोरच्या पत्र्यामागे दोन स्क्रूंवर बसवलेली होती. डबीचं अंग आणि रंगातलं ते भोक यांच्यामध्ये मीटर धरला. दोन्ही लोखंडाने जोडलेली असती तर तिथे काहीच दिसायला नको होतं. दिसत होते व्होल्ट, आणि इंजिन जोरात केलं की ते वाढत होते. डबी लोखंडावर नव्हतीच. ती रंगावर बसली होती.

"अण्णा, ही डबी काढता तेव्हा तिच्यामागेही रंग देता?"

"मग? दिसत नाही म्हणून देवापुढे अर्धवट ठेवायचं?"

याआधी दोन मेकॅनिक येऊन गेले होते. एकाने डायनॅमोचे ब्रश बदलले, दुसऱ्याने डबीच नवी घातली. दोघांचं काम चोख होतं. पण नवी डबीही त्याच रंगावर बसली, आणि पुढच्या पूजेला अण्णांनी तिच्यामागे आणखी एक हात दिला.

"इथला रंग खरवडावा लागेल," मी म्हणालो.

"पूजा होऊ दे. मग खरवड."

"पूजा झाल्यावर भंगारवाला यायचाय."

अण्णांनी एकदा मागच्या दाराकडे बघितलं. वहिनी तिथे दोरा घेऊन झेंडू ओवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"सरी, बरं तर," अण्णा म्हणाले. "आण ती सुरी. मीच करतो. तू ओरखडे पाडशील."

डबी काढून ते खरवडायला बसले. लालखाली लाल, त्याखाली आणखी लाल. मग एका वर्षी लाल मिळाला नाही म्हणून दिलेला निळा. अगदी तळाशी कंपनीचा करडा रंग, काकांनी आणला तेव्हाचा. तो लागल्यावर अण्णांचा हात जरा थांबला. मग त्यांनी तोही खरवडला आणि लोखंड चमकलं. डबीची पाठ आणि स्क्रूंच्या जागाही तशाच साफ केल्या, डबी घट्ट बसवली आणि ट्रॅक्टर पुन्हा उतारावरून सोडला.

समोरच्या चार्जिंगच्या तबकडीतला काटा इतकी वर्षं उणे बाजूला लोळत होता. तो उठून अधिक बाजूला गेला. बॅटरीवर मीटर धरला तर पावणेबाराचे हळूहळू चौदा झाले आणि तिथेच राहिले. मी तीनदा बघितलं.

"पास का?" अण्णांनी विचारलं.

"आज पास. खरं काय ते उद्या सकाळी."

दुपारभर त्यांनी शेजाऱ्यांचंही रान नांगरून दिलं, बॅटरी भरावी म्हणून. संध्याकाळी ट्रॅक्टर घरासमोरच्या सपाट अंगणात आणून बंद केला.

"अहो, तिथे कुठे लावताय?" वहिनी म्हणाल्या. "सकाळी चालू नाही झाला तर ढकलणार कोण?"

"तुझे भावजी राहताहेत ना आज."

सकाळी चारही चाकांखाली लिंबं ठेवली. हार घातला, कुंकू लावलं, कोहळा फोडला. अण्णा वर चढले आणि त्यांनी बटण दाबलं. इंजिन एकदा कुंथलं, दुसऱ्यांदा धडधडलं. लिंबं चिरडत ट्रॅक्टर पुढे सरकला. अण्णांनी आमच्याकडे बघितलं नाही. ते सरळ समोर बघत शेताकडे निघून गेले.

मी अंघोळीला निघालो तेव्हा वहिनी न्हाणीघराबाहेर चुलीपुढे वाकल्या होत्या. हंड्याखाली फणसाचा ओंडका चांगला पेटला होता.

"जरा थांबा, भावजी," त्या म्हणाल्या. "आज पाणी कडकडीत तापेल."