लपवलेलं बटण

उमेळ्याच्या वाडीत पंचवीस वर्षं ताडपत्रीखाली पडलेली माझी मोटरसायकल मी महिनाभर खपून दुरुस्त करत होतो. तिचं उंच हँडल, बुटकी सीट, सगळं कॉलेजात असताना मीच जोडलेलं. रविवारी दुपारपर्यंत चालू झाली नाही तर भंगारात, ही बायकोची अट.

रविवारी भंगारवाल्याचा टेम्पो फाटकाशी लागला, तरी ठिणगी येईना. तेव्हा आठवलं, चोरीच्या भीतीने मी एक बटण लपवून बसवलं होतं; ते दाबल्याशिवाय ठिणगीच यायची नाही. कुठे, ते आठवेना. चोराआधी मीच फसलो.

भंगारवाला दोर घेऊन आत आला.

"थांबा जरा, भाऊ," म्हणत बायकोने मागच्या सीटखाली हात घातला. "लग्नाआधी हे मीच दाबायचे. मारा किक."

दुसऱ्या किकला गाडी खोकत चालू झाली.

"आता भाऊंना चहा तरी विचारा," ती म्हणाली.